दहा हजारांचं कोर्ट, दहा कोटींचं कोर्ट

मुंबईत कुणाकडे तुमचे पैसे अडकले आहेत आणि ते छोट्या कोर्टात मागायचे आहेत. किती रुपयांपर्यंत मागता येतील? दहा हजार. त्यावर एक रुपया जरी झाला, तरी ते दार तुमच्यासाठी बंद.

प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स अ‍ॅक्ट, १८८२. कलम १८. मूळ कायद्यात मर्यादा दोन हजारांची होती. राणीच्या राज्यात दोन हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम. गिरणीत राबणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षांचा पगार साठवूनही ती एकत्र दिसली नसती. म्हणजे गोऱ्या सरकारने 'छोटा दावा' म्हणून आखलेली रेघ सामान्य माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. त्याची सगळी देणीघेणी तिच्याखाली मावत होती. पुढे आपल्या राज्याने ती रेघ दहा हजारांवर नेली, तीही गेल्या शतकात. नंतर महागाई वाढत गेली, पगार वाढले, घरभाडी वाढली, वकिलांच्या फिया वाढल्या. रेघ मात्र जागेवरून हललेली नाही.

आता हिशेब मांडून बघू. समजा, परळला एक बाई घरी डबे करते. जवळच्या एका ऑफिसात रोज पाच डबे जातात. नव्वद रुपयांचा डबा, महिन्याचे वीस दिवस. महिन्याचे झाले नऊ हजार. ऑफिसने दोन महिने पैसे दिले नाहीत. 'पुढच्या आठवड्यात बघू', 'अकाउंटवाला सुट्टीवर आहे', 'साहेबांची सही राहिलीय' असं करत करत शेवटी फोन उचलणंच बंद झालं. येणं अठरा हजार.

अठरा हजार म्हणजे तिचं गॅस सिलिंडर, तिचा किराणा, पोराची फी. तिने कुठे जायचं?

छोट्या कोर्टात नाही. तिची रक्कम तिथे मोठी ठरते! कायद्याने तिला सिटी सिव्हिल कोर्टाकडे पाठवलं आहे. फोर्टला किंवा दिंडोशीला. हे कोर्ट १९४८ च्या कायद्याने आलं. त्याची मर्यादा राज्य सरकारने २०१२ साली एक कोटी केली आणि २०२३ च्या दुरुस्तीने थेट दहा कोटी. जानेवारी २०२४ पासून ती लागूही झाली. उच्च न्यायालयावरचा भार कमी व्हावा म्हणून हे केलं. हेतू चांगला आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम बघा. दहा हजार एक रुपयापासून दहा कोटींपर्यंतच्या साध्या पैशांच्या दाव्यांना मुंबईत एकच कोर्ट. डबेवाल्या बाईची अठरा हजारांची फाइल आणि टॉवरमधल्या फ्लॅटवरून पेटलेली नऊ कोटींची फाइल एकाच कोर्टाच्या फळ्यावर. त्या नऊ कोटींच्या बाजूने ज्येष्ठ वकील उभे राहणार, त्यांच्यामागे दोन ज्युनियर. आणि ही बाई दुपारचे डबे पोचवून तारखेला यायची.

दहा कोटींसाठी कायदा बदलायला विधिमंडळाला सवड झाली. दहा हजारांसाठी नाही झाली. मला राग आहे तो या गोष्टीचा.

स्मॉल कॉज कोर्ट रिकामं पडलं आहे, असं कुणी समजू नये. धोबी तलावाला, लोकमान्य टिळक मार्गावरची ती इमारत गजबजलेली असते. पण तिथली गर्दी मुख्यतः मालक-भाडेकरूंची आहे. भाडे नियंत्रण कायद्याचे दावे, लीव्ह अँड लायसन्सचे दावे, पागडीच्या जुन्या चाळींचे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे. या दाव्यांना दहा हजारांची रेघ लागत नाही. जागेची किंमत कोटींत असली तरी ते तिथेच चालतात. ज्या कोर्टाचा जन्म छोट्या रकमांसाठी झाला, तिथे छोट्या रकमा कमी आणि मोठ्या जागा जास्त, अशी स्थिती आहे. त्यात न्यायाधीशांचा दोष नाही. दोष त्या आकड्याचा.

कुणी म्हणेल, बाईने आठ हजार सोडून द्यावेत आणि दहा हजारांचा दावा छोट्या कोर्टात लावावा. कायद्यात ही सोय आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २, नियम २ प्रमाणे दावा एखाद्या कोर्टाच्या मर्यादेत बसवण्यासाठी आपण रकमेचा काही भाग सोडू शकतो. पण सोडला तो कायमचा. नंतर त्यासाठी वेगळा दावा नाही. मग दोन महिन्यांची दोन बिलं आहेत, नऊ-नऊ हजारांचे दोन दावे करावेत का? तेही नाही. दोन्ही बिलं थकलेली असताना फक्त एकावर दावा लावला, तर दुसरं बुडालं. संहितेनेच याचं उदाहरण देऊन ठेवलं आहे: घराचं वार्षिक भाडं बाराशे रुपये, १९०५, १९०६ आणि १९०७ अशी तीन वर्षं थकलेली, मालकाने १९०८ साली फक्त १९०६ च्या भाड्याचा दावा केला, उरलेल्या दोन वर्षांचं भाडं त्याला पुन्हा मागता येणार नाही. एकाच माणसाला दहा दाव्यांनी छळू नये, हा त्यामागचा विचार. विचार रास्त आहे. पण मर्यादा दहा हजारांची असेल, तर हाच नियम गरिबाच्या गळ्याशी येतो. अठरातले आठ सोड, मग तुला छोटं कोर्ट देतो. हा न्यायाचा प्रवेशकर झाला.

आता याच बाईची दुसरी गोष्ट घ्या.

तिने डब्यांच्या कामासाठी चौदा हजारांचा वेट ग्राइंडर घेतला. महिन्याभरात मोटर जळाली. दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते दुकानदाराकडे जा. इथे मात्र कायदा तिच्या बाजूने भक्कम उभा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. वस्तू धंद्यासाठी घेतली म्हणून तिला हाकलता येत नाही, कारण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही, असं कायद्यातच म्हटलं आहे. ती जिल्हा ग्राहक आयोगात जाईल. फी? शून्य. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. वकील लागतोच असं नाही, ती स्वतः उभी राहू शकते. तक्रार ऑनलाइन करता येते. कंपनीचं मुख्यालय दिल्लीला असलं तरी तिने दिल्लीला जायचं नाही. ती राहते किंवा काम करते तिथल्या आयोगात दाद मागायची, हे २०१९ च्या कायद्याने दिलं. तक्रार दिल्यावर एकवीस दिवसांत आयोगाने ती दाखल करून घ्यायची की नाही ते ठरवायचं, नाहीतर ती दाखल झाली असं धरायचं. समोरच्याने तीस दिवसांत म्हणणं मांडायचं, फार तर पंधरा दिवस जास्त. त्यावर एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली ठणकावून सांगितलं.

म्हणजे ज्या बाईला पैसे देऊन वस्तू घेतल्यावर फसवलं, तिला फी नसलेलं, घराजवळचं, मुदतींनी बांधलेलं न्यायपीठ मिळतं. त्याच बाईला तिचे कष्ट घेऊन पैसे न देता फसवलं, तर तिला दहा कोटींच्या रांगेत उभं केलं जातं. खरेदी करणाऱ्याला कायद्याने छत्र दिलं. कष्ट विकणाऱ्याला दिलं नाही. घरी शिकवणी घेणाऱ्या बाई, भाषांतर करून देणारा, लग्नात फोटो काढणारा, पडदे शिवून देणारा, टेम्पोवाला, शाळेची व्हॅन चालवणारा, सगळे याच कचाट्यात. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईची गत तर सगळ्यात वाईट. तिची थकबाकी बहुधा दहा हजारांच्या आत असेल, छोट्या कोर्टाचं दार तिला खुलंही असेल, पण तिथे जायला तिला एक दिवसाचा खाडा परवडत नाही.

ग्राहक आयोगाच्या आकड्यांबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. लोक विचारतात, 'जिल्हा आयोगात किती रुपयांची भरपाई मागता येते?' प्रश्नच चुकतो. १९८६ च्या जुन्या कायद्यात वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज करून कोर्ट ठरायचं. नव्या कायद्यात तुम्ही काय मागता याला महत्त्व नाही, तुम्ही किती मोजले ते बघतात. खरेदीची किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पन्नास लाख ते दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. कायदा झाला तेव्हा हे आकडे एक कोटी आणि दहा कोटी होते, डिसेंबर २०२१ च्या नियमांनी खाली आणले. चौदा हजारांच्या ग्राइंडरचा शॉक बसून कुणी दगावलं आणि घरच्यांनी कोटींची भरपाई मागितली, तरी तक्रार जिल्ह्यातच राहते आणि फी शून्यच राहते. ही पद्धत घटनाबाह्य आहे, असा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने पद्धत वैध ठरवली. मला ती योग्य वाटते. कारण जुन्या पद्धतीत 'मानसिक त्रासापोटी एक कोटी' असं लिहून माणसं उगाच वरच्या आयोगात जायची आणि तिथे वर्षानुवर्षं अडकायची. आकडा फुगवल्याने भरपाई फुगत नाही.

मात्र ग्राहक आयोग म्हणजे सगळं आलबेल, असंही म्हणवत नाही. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. आयोगांवर अध्यक्ष नाहीत, सदस्य नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली स्वतःहून प्रकरण हाती घ्यावं लागलं. खुर्च्या भरणं हे सरकारचं काम. ते झालं नाही की मुदतींची सगळी कलमं कागदावर. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, मुंबईत १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली, तेव्हा देशात ग्राहकांचा वेगळा कायदाही नव्हता. तो यायला १९८६ चा डिसेंबर उजाडला. ज्या राज्यात ही चळवळ उभी राहिली, तिथे आयोगाच्या बाकावर माणूस नाही म्हणून तारीख पडावी, हे आपल्याला शोभत नाही.

डब्यांच्या पैशांकडे परत येऊ. छोटं कोर्ट नसेल, तर माणूस काय करतो?

एक तर सोडून देतो. बहुतेक जण हेच करतात, आणि पैसे बुडवणाऱ्यांचा सगळा हिशेब याच गोष्टीवर चालतो. अठरा हजारांसाठी ही कोर्टात येणार नाही, हे त्या ऑफिसला पक्कं ठाऊक आहे. वकिलाची पहिली फीच तिच्या येण्याला गिळेल, हेही ठाऊक आहे.

नाहीतर माणूस गल्लीतल्या पक्षाच्या शाखेत जातो. किंवा पोलीस चौकीत. फसवणुकीची तक्रार लिहून घ्या म्हणतो. दिवाणी भांडणाला फौजदारी रंग देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालय पुन्हा पुन्हा बजावतं, आणि ते बरोबरच आहे. उसने पैसे वसूल करणं हे पोलिसांचं काम नाही. पण दिवाणी दार दहा हजारांवर बंद केल्यावर लोक फौजदारी दार ठोठावणार नाहीत तर काय करणार? धनादेशाचंही तेच. चेक परत आला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली खटला. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, समोरच्याला पंधरा दिवस, नंतर महिन्याभरात तक्रार. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. या खटल्यांनी देशभरातली फौजदारी न्यायालयं तुंबली आहेत. ज्या पैशांचा निकाल एका टेबलावर समोरासमोर बसून लागला असता, त्यासाठी आपण मॅजिस्ट्रेट, आरोपी, जामीन, वॉरंट असा सगळा गाडा ओढतो.

इतर देशांत हा प्रश्न नव्हता असं नाही. त्यांनी आकडा वेळोवेळी हलवला, एवढंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये छोट्या दाव्यांची मर्यादा २०१३ साली पाच हजार पौंडांवरून दहा हजारांवर गेली. कॅलिफोर्नियात व्यक्तीला साडेबारा हजार डॉलरपर्यंत दावा लावता येतो, आणि तिथे त्या सुनावणीत वकिलाला तुमच्या वतीने उभंच राहता येत नाही. घरमालक असो, कंपनी असो, माणसाने स्वतः यायचं आणि आपलं म्हणणं सांगायचं. न्यू जर्सीत मराठी माणसं भरपूर आहेत. तिथे स्मॉल क्लेम्सची मर्यादा २०२२ साली तीन हजारांवरून पाच हजार डॉलर झाली. पाच हजार डॉलर म्हणजे चार लाख रुपयांहून जास्त. ज्याचा भाऊ एडिसनला राहतो आणि बहीण परळला, त्याने या दोन आकड्यांकडे एकदा बघावं. महागाई दोन्हीकडे आहे. कायदा हलला तो फक्त तिकडे.

आपल्याकडे काही आडवाटा आहेत, त्या लपवून ठेवणं अन्यायाचं होईल.

डबेवाल्या बाईने उद्यमची नोंदणी करून ठेवली असती, तर ती कायद्याने 'सूक्ष्म उद्योग' झाली असती. नोंदणी फुकट आहे, आधार क्रमांकावर होते. मग २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे माल घेणाऱ्याने पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यायलाच हवेत. दिले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. दाद मागायला सुविधा परिषद आहे, ऑनलाइन पोर्टल आहे. परिषदेच्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं असेल तर समोरच्याला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. हे कलम जबरदस्त आहे. मेख एकच: नोंदणी व्यवहार ठरण्याआधीची हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ते स्पष्ट केलं. पैसे बुडाल्यावर नोंदणी करून उपयोग नाही. म्हणून जी बाई आज डबे, पापड, लोणची, फराळ ऑफिसांना आणि दुकानांना पुरवते, तिने हे काम या आठवड्यातच करून घ्यावं. बचत गटांच्या ताईंनी पुढच्या बैठकीत हाच विषय घ्यावा.

वीज, पाणी, फोन, बस, दवाखाना, विमा यांच्याशी भांडण असेल, तर स्थायी लोक अदालत आहे. ही वर्षातून काही वेळा भरणाऱ्या लोक अदालतीहून वेगळी. तिथे दोघांचं पटलं तरच निकाल. इथे पटलं नाही तरी अदालत स्वतः निर्णय देऊ शकते. कोर्ट फी नाही. मर्यादा २०१५ पासून एक कोटी. दहा हजारांना चिकटलेल्या राज्यात एक कोटीपर्यंतचं हे मोफत दार अनेकांना माहीतच नाही, कारण त्याची पाटी कुणी ठळक लावलेली नाही. आणि वकिलाचं म्हणाल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसालाही. औद्योगिक कामगारालाही. हक्क आहे, उपकार नाहीत.

आणि काहीच नसेल, तर निदान कागद नीट ठेवावा. पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षं. त्यांनी मधेच 'तुमचं एवढं देणं आहे' असं लिहून सही केली, किंवा सहीनिशी थोडे पैसे दिले, तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही पुरावा होतो, पण नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुना फोन विकून टाकण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

समजा, हे सगळं पार पडलं. बाई फोर्टला गेली, कागद लावले, तारखा झेलल्या, निकाल तिच्या बाजूने लागला. हातात काय पडलं? हुकूमनामा. पैसे नाहीत. हिंदुस्थानात दावेदाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली म्हणून ठेवलं आहे. दीडशे वर्षं उलटून गेली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की वसुलीची प्रकरणं सहा महिन्यांत संपवा. आकडे कसे गोठतात त्याचा आणखी एक नमुना इथे दिसतो. देणेकऱ्याचा पगार जप्त करायचा झाला, तर संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात न लावता सोडायचे. एक हजार! त्यात आज माणसाच्या घरचा महिन्याचा किराणा तरी येतो का? घेणेकऱ्याला लहान करून ठेवलं, आणि गरीब देणेकऱ्याला वाचवायचा आकडाही तेवढाच लहान ठेवला.

छोट्या दाव्याचं कोर्ट म्हणजे कमी महत्त्वाचं कोर्ट, ही समजूत कुठून आली कुणास ठाऊक. नऊ कोटींवाला हरला तर त्याच्याकडे दुसरे कोटी असतात. अठरा हजारवाली हरली तर ती पुढच्या महिन्यात डबे बंद करते. ज्याला कोर्टाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यासाठी कोर्ट सगळ्यात सोपं हवं. फीही सगळ्यात हलकी हवी. आज ती दाव्याच्या रकमेप्रमाणे चढत जाते, आणि दहा लाखांवर मात्र थांबते. हा कमाल आकडा राज्याने २०१८ मध्ये तीन लाखांवरून तिथे नेला. म्हणजे फार मोठा दावा करणाऱ्याला एका टप्प्यानंतर फी वाढतच नाही. त्या माणसासाठी छप्पर बांधलं, डबेवालीसाठी नाही.

मागणी साधी आहे. कलम १८ मधली मर्यादा दोन लाख करा. नुसता आकडा वाढवून भागणार नाही, कारण धोबी तलावाचं कोर्ट आधीच भाड्याच्या दाव्यांनी भरलेलं आहे. पैशांच्या छोट्या दाव्यांसाठी वेगळे न्यायाधीश द्या, वांद्र्यालाही द्या. मराठीत एका पानाचा छापील अर्ज ठेवा: कुणाकडे, किती, कशाचे, कधीपासून. तो भरून द्यायला खिडकीवर माणूस बसवा. दोन लाखांपर्यंतच्या दाव्याला फी माफ करा. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सहानंतर सुनावणी घ्या, म्हणजे डबेवालीला डबे बुडवावे लागणार नाहीत आणि धुणंभांडीवालीला खाडा पडणार नाही. गावांसाठी २००८ चा ग्राम न्यायालय कायदा झाला, त्यात न्यायाधिकाऱ्याने स्वतः गावात जाऊन काम चालवावं अशी तरतूद आहे. गावात जाता येतं, तर लालबागच्या चाळीत संध्याकाळी बसायला काय हरकत आहे?

सिटी सिव्हिल कोर्टाची मर्यादा दहा कोटींवर न्यायला दोन्ही सभागृहांनी २०२३ साली एक दुरुस्ती मंजूर केली. छोट्या कोर्टाच्या कायद्यात तेवढीच दुरुस्ती लागते. पुढच्या अधिवेशनात आपल्या आमदारांना हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.